रेघेतली पायरी

टायटॅनियमच्या मिश्रधातूत दोन प्रकारचे थर असतात, एकाला एक चिकटून, पापुद्र्यांसारखे. अशा धातूच्या सळीला भट्टीत वजन टांगून ठेवलं की ती आठवडेच्या आठवडे, डोळ्यांना कळणार नाही इतकी हळू लांबत जाते. आमच्या प्रयोगशाळेत तेच मोजायचं काम होतं. थरांमधल्या सीमा जितक्या जास्त तितकी सळी दमदार, कारण सीमा प्रत्येक सरकणं अडवते, असं मी शिकलो होतो.

माझ्या हाताखाली नवी आलेली संशोधक उमेळे गावची होती. सळी भट्टीत जाण्याआधी तिने पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर बारीक सरळ रेघा ओढून ठेवल्या. सळी बाहेर आल्यावर मला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं.

"सर, बघा ना. सीमेवर रेघ तुटलीय, पायरी पडलीय. अडवतेय कुठली, सीमाच सरकतेय!"

"रेघ ओढताना हात हलला असेल तुझा. घासून काढ, आणि थरांच्या पोताचे नीट फोटो घे."

मग तिने सळी घासली. पायऱ्या गेल्या.

ती दुसऱ्या विभागात गेल्यावर मी तोच प्रयोग करून पाहिला. रेघा तुटलेल्या होत्या. परिषदेत मी ते माझं निरीक्षण म्हणून मांडलं, आणि आजही ते माझ्याच नावावर आहे. रेघांची युक्ती तिची होती, पहिल्यांदा पाहिलंही तिनेच. मी पुसायला लावलं.

आता आम्ही दोघंही निवृत्त. गेल्या महिन्यात तिच्या घरी गेलो. वाडीतली थोडी केळी उरलीत, पलीकडे इमारत चढतेय. ओट्यावर बसून मी तिला सगळं कबूल केलं. वाटलं, ही आता उठून आत जाईल.

"तुमचा परिषदेतला निबंध वाचला होता मी तेव्हाच," ती म्हणाली. "रडलेही होते." मग चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "पण सर, एक विचारायचं राहूनच गेलं. तुमच्या सळीत पायऱ्या सगळ्या एकाच बाजूला होत्या?"

"ते... पाहिलं नाही गं."

"पाहिलं नाही?" ती खळखळून हसली. "घेतलंत ते घेतलंत, पूर्ण तरी घ्यायचं! माझ्या सळीत थरांच्या एकेका गठ्ठ्यात सगळ्या पायऱ्या एकाच बाजूला होत्या. असे सरकत होते थर." तिने तळहातावर तळहात ठेवून सरकवला.

"पुन्हा दाखव," मी म्हणालो.

तिने पुन्हा दाखवलं, या वेळी जरा हळू.