मोटार जळली नव्हती

बार्शी सोडली त्या सकाळी अण्णा स्टँडवर आले नाहीत. दुकानातल्या टेबलावर पंपाची एक मोटार उघडी पडली होती आणि ती संध्याकाळपर्यंत द्यायची होती. "काम सोडून ते कुणासाठी आलेत?" असं म्हणत आईने दशम्यांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि ती एसटीतून खाली उतरली. मला तेव्हा वाईट वाटलं का, ते आता आठवत नाही. राग आला होता, एवढं आठवतं.

अण्णांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या पंपांच्या जळलेल्या मोटारी लोक घेऊन यायचे. अण्णा जुनी तांब्याची तार उपसून नवी भरायचे. शाळा सुटली की मी त्यांच्या शेजारी बसून तारेचे वेढे मोजायची. पुढे इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, तो त्या दुकानासाठीच. निकाल लागल्यावर मी म्हणाले, आता मी दुकानात बसते. अण्णांनी वर न बघता सांगितलं, "गिऱ्हाईक तुझ्याशी बोलणार न्हाई. विचारतील, मालक कुठायत." विषय तिथेच संपला. दोन महिन्यांनी मी नवी मुंबईत होते.

सुरुवातीला सीवूड्सला आम्ही चौघीजणी एका फ्लॅटमध्ये राहायचो. बेलापूरच्या एका ऑफिसात कंटेनरची कागदपत्रं बघायचं काम मिळालं. अजून तेच करते, फक्त खुर्ची बदलली. डिप्लोमाचा उपयोग मैत्रिणींच्या इस्त्र्या दुरुस्त करण्यापुरता राहिला. 'व्हय'चं 'हो' झालं, 'हो'चं 'ओके'. गावी गेले की 'टेन्शन घेऊ नका' तोंडातून निघायचं आणि आई हसायची. अण्णा फोनवर एकच विचारायचे, "जेवलीस का?" मी म्हणायची, जेवले. पुढे बोलायला काही नसायचं. जे गेले आणि ज्यांना मागे ठेवून गेले, त्यांच्यात बहुतेक असंच बोलणं उरतं. तुम्ही दोन्हींपैकी कुणीही असलात तरी तुम्हाला ते माहीत असेल.

पुढे मी नवी मुंबईतच, उलव्यात, वन बीएचके घेतला. दोन वर्षांपूर्वी आई गेली. दुकान त्याआधीच बंद झालं होतं. या एप्रिलमध्ये अण्णांच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि उपचारांसाठी मी त्यांना इकडे घेऊन आले. डॉक्टरांनी सांगितलं, उन्हाळाभर यांना गारव्यात ठेवा. उलव्यात खिडकी उघडली की समोरच्या बांधकामाची धूळ आत येते, म्हणून एसी दिवसभर चालू. अण्णा त्याच्याकडे तोंड करून पडून राहायचे आणि दोन दिवसांआड विचारायचे, "मला बार्शीला कधी सोडतीस?"

मे महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी जेवण झाल्यावर, वारा यायचा थांबला. बाहेरचं युनिट चालू होतं, पण आतून नुसता गुणगुण आवाज. जाळीमागच्या पाइपांवर बर्फ धरला आणि अण्णांच्या उशीवर पाणी ठिबकायला लागलं. मी एसी बंद केला. अर्ध्या तासात खोली तापली. अण्णांचा सदरा पाठीला चिकटला आणि ते एका वाक्यात दोनदा थांबून बोलायला लागले.

एसी बिघडला की सोसायटीतले सगळे म्हात्रेंना बोलावतात. ते इथलेच, पन्नाशीचे, या टॉवरांच्या जागी त्यांची शेती होती. त्यांनी पुढचं कव्हर काढलं, दोन मिनिटं एसी चालू करून आवाज ऐकला आणि म्हणाले, "ताई, ब्लोअरची, आतल्या पंख्याची मोटार गेली हाय. नवीन आनावी लागंल. चार-पाच दिवस धरा."

"जळल्याचा वास कुठाय?" अण्णा पलंगावरून म्हणाले. "मोटार जळली की वार्निशचा वास सुटतो. ही गुणगुणतीय, पण उचलत न्हाई. सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर गेला असणार."

म्हात्रे हसले, पण हटवादी माणूस नव्हता तो. "बाबा, बोलताव तर बदलून बगतो." त्यांच्याकडे कपॅसिटर होता. त्यांनी तो बसवला, एसी चालू केला. तीच गुणगुण. पंखा हलला नाही.

अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं. म्हात्रे म्हणाले, मोटार सांगून ठेवतो, आणि पुढच्या कामाला गेले.

मी टेबलफॅन अण्णांकडे वळवला. तो गरमच वारा फेकत होता. अण्णा हळूच म्हणाले, "आता कानपण गेला माझा." चाळीस वर्षं आवाजावरून मोटारी ओळखत आलेला माणूस होता तो. मला त्यांची कीव आली नाही. मला एकदम आठवलं, की पंखा हाताने फिरवून कुणी बघितलाच नाही. आमच्या दुकानात ते पहिलं काम असायचं. गुणगुण ऐकून दोघेही विजेच्या मागे लागले होते.

मी एमसीबीचा खटका पाडून वीज तोडली, स्टुलावर चढले आणि बोटाने ब्लोअर फिरवला. अर्धा वेढा फिरला आणि अडकला. उलटा फिरवला, तिथेच अडकला.

"अण्णा, घासतोय," मी म्हणाले. "डाव्या टोकाला."

ते उठून बसले. "बुश बघ. रबराचा असंल, सुकून सरकला असंल."

"मला टॉर्च धरून पाहिजे."

भिंतीला धरून ते आले आणि त्यांनी टॉर्च धरला. उजेड हलू नये म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट पकडलं. पंख्याच्या टोकाला आधार देणारा बुश खरंच जागेवरून निसटला होता आणि पंख्याचं टोक खाली टेकलं होतं. मी पात्यांतली धूळ दातांच्या ब्रशने काढली, बुश दाबून जागेवर बसवला, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. पंखा हाताने फिरवला. तो फिरला आणि फिरत राहिला. एमसीबी वर केला तेव्हा वारा आधी अण्णांच्या तोंडावर आला.

ते पलंगावर जाऊन टेकले. धाप ओसरली तसे म्हणाले, "गिऱ्हाइकाचं निमित्त होतं, रेखा."

"कशाचं?"

"दुकानाचं. तू शिकून आली होतीस. मी नुसता हाताला येतं म्हणून करत होतो. तुला माझ्यापेक्षा जास्त येतंय, हे गावाला कळलं असतं."

"चहा टाकते," मी म्हणाले आणि आत गेले. गॅस पेटवायचं सुचत नव्हतं, तशीच ओट्याशी उभी राहिले. दुसऱ्या दिवशी म्हात्रेंना फोन करून मोटार नको म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "मी हातानं फिरवायलाच पायजे होता. कोनी केलं दुरुस्त?" मी म्हणाले, मी. पलंगावरून अण्णा ऐकत होते.

जूनच्या शेवटी डॉक्टरांनी परवानगी दिली आणि अण्णा बार्शीला परत गेले. मी थांबवलं नाही. त्यांचं तिकडे बरं चाललंय. उलव्याचं घर माझं आहे, कागदोपत्री आणि सवयीनेही. बार्शीला कायमची जाईन असं वाटत नाही. तिकडच्या घराला मी बरीच वर्षं 'अण्णांचं घर' म्हणत आले.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. जेवलीस का, हे विचारलंच नाही. म्हणाले, "पाण्याची मोटार आवाज करतीय. ऐक." आणि फोन मोटारीजवळ धरून उभे राहिले. मी ऑफिसच्या जिन्यात होते. एक कान बोटाने बंद केला आणि आमच्या घरात काय बिघडलंय ते ऐकू लागले.