त्या पातेल्यात हाड नव्हतं

फसवणूक झाली ती सुमतीबाईंची, आणि ती केली त्यांच्याच सोसायटीच्या सचिवांनी. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण बाई गेल्यापासून जो तो त्यांच्या प्रेमळपणाबद्दल बोलतोय आणि ही गोष्ट कुणीच काढत नाही. सचिवांचं नाव छापणार नाही, असं पेपरच्या पुरवणीवाल्यांनी मला आधीच सांगितलंय. नका छापू. कर्वेनगरच्या त्या सोसायटीत सगळ्यांना ते माहीत आहे.

बाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलाचा, अविनाशचा, आला तेव्हा मी धायरीच्या माझ्या गोदामात एका मांडववाल्याशी घासाघीस करत होतो. माझा धंदा भांडी भाड्यानं देण्याचा. दोन पातेली आणि एका झाऱ्यावर सुरू केला, आता टेम्पो आहेत. "काका, आई झोपेतच..." एवढंच तो बोलला. मी मांडववाल्याला म्हटलं, तू म्हणशील तो भाव, आणि निघालो. माझ्या तोंडून असं वाक्य त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

बाई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर पहिल्या नाताळाला माझ्याकडे पातेलं न्यायला आल्या आणि सरळ पातेल्यात डोकं घालून वास घेतला. "अहो दत्तोबा, याला खिम्याचा वास येतोय." मी चिडलो. म्हटलं, "बाई, चिंच लावून घासलंय, तोंड दिसतंय त्यात." "तोंड दिसू द्या हो. वास येतोय." त्यांना असं पातेलं हवं होतं, ज्यात कधीही मांसमच्छी शिजलेली नाही आणि पुढेही शिजणार नाही. मला आधी कळेना. ख्रिस्ती घर, नाताळचा सण, आणि मटण नाही? तेव्हा त्यांनी हिशेब सांगितला. नाताळच्या पंगतीला सगळी सोसायटी बोलवायची, आणि त्यातली निम्मी घरं शाकाहारी. तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणारी ऋचा तर व्हिगन, म्हणजे दूध, दही, तूप, मध, काहीच चालत नाही. "मग मी दोन पातेली लावू? एक त्यांचं, एक आमचं, आणि दोन पंगती? ज्याचं पथ्य सगळ्यात कडक, त्याच्या मापानं एकच पातेलं. बाकीचे आपोआप मावतात." मी विचारलं, "आणि तुमच्या घरच्यांचं मटण?" "ते दुसऱ्या दिवशी. एक दिवस थांबल्यानं कुणाचा सण बुडत नाही."

मग सौदा झाला. मी नवं कोरं पातेलं आणून त्याच्या काठावर 'सु' कोरायचं, ते दुसऱ्या कुणालाही द्यायचं नाही, आणि बदल्यात दर नाताळला माझं जेवण तिथे. धंद्यात मी पुष्कळ शब्द फिरवलेत. हा फिरवला नाही. लग्नसराईत भांडी कमी पडली तरी ते पातेलं गोदामात पालथंच असायचं.

त्यांच्या रश्श्याला मटणासारखा म्हटलेलं बाईंना खपायचं नाही. "हा नाताळचा रस्सा. त्याला त्याचं नाव आहे." धिंगरी अळंबी हातानं उभी फाडायची, पाणी पिळून शेंगदाण्याच्या तेलात तांबूस परतायची. सुरणाच्या फोडी चिंचेच्या पाण्यातून काढून घ्यायच्या, नाहीतर घसा खाजतो. कांदा जाळावर काळा करायचा आणि नारळाच्या वाट्या करवंटीसकट भाजायच्या, म्हणजे खोबऱ्याला धूर लागतो. उतरवताना वरून नारळाचं दूध. पहिल्या वर्षी ऋचा वाटी हातात घेऊन विचारत होती, "काकू, नक्की तूप नाही ना? मधसुद्धा?" बाई म्हणाल्या, "नाही गं. तुझा आपला बारमाही उपवास, मी कशाला मोडू?" मी मटणावर वाढलेला माणूस, तिसरी वाटी मागून घेतली.

पुढे एका नाताळला सचिवांच्या दाताखाली काहीतरी कडक आलं. त्यांनी ते तोंडातून काढलं, कागदी रुमालावर ठेवलं, फोटो काढला आणि पंगत उठायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'हे काय आहे ते सर्वांनी ठरवावं.' हाड हा शब्द त्यांनी लिहिला नाही. हुशार माणूस. तो इतरांनी लिहिला, आणि बाईंनी आपली फसवणूक केली, असंही. ऋचानं तो फोटो मोठा करून मला दाखवला. "काका, बघा ना, याला मागे शेंड्या आहेत. हाडाला काथ्या असतो का?" करवंटीचा तुकडा होता तो, भाजताना खोबऱ्याला चिकटून आलेला. मी तिथल्या तिथे बाह्या सरसावल्या. बाईंनी मला खाली बसवलं. "जेवायला बोलावलेल्या माणसाशी भांडायचं नसतं, दत्तोबा." ऋचालाही त्यांनी ग्रुपवर काही लिहू दिलं नाही. हा त्यांचा मोठेपणा असेल. मला तो अजून पटलेला नाही.

पुढच्या वर्षी निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. त्यानंतर बाईंनी शेगडी खाली पार्किंगमध्ये, जिन्याच्या तोंडाशीच मांडली. "जाता-येता दिसू दे सगळ्यांना, काय पडतंय ते." हळूहळू लोक परत आले. सचिव आले नाहीत. दर वर्षी पहिला डबा त्यांच्या घरी वर जायचा, आणि न उघडता खाली यायचा. बाई तो स्वतः उघडायच्या आणि त्यातलंच जेवायच्या. म्हणायच्या, "पुढच्या वर्षी घेतील." ... हे पुढचं वर्ष त्यांना मिळालं नाही.

शोकसभेत सगळ्यात आधी सचिवच उठले. "सुमतीबाईंनी आपल्या सगळ्यांना एका पातेल्यातून जेवू घातलं," म्हणाले. अविनाशनं माझा दंड धरून ठेवला होता म्हणून ती सभा शांततेत पार पडली.

पातेलं माझ्या गोदामात पालथं आहे. येत्या नाताळला अविनाश आणि ऋचा त्याच पार्किंगमध्ये तोच रस्सा करणार आहेत. पातेलं मी स्वतः घेऊन येईन आणि पहिला डबाही मीच सचिवांकडे वर नेईन. तो फोटो ग्रुपवर अजून आहे, कुणी पुसलेला नाही. सचिवसाहेब, ते काय आहे हे सर्वांनी ठरवावं, असं तुम्ही लिहिलं होतंत. सगळ्यांनी कधीच ठरवलं. आता तुम्ही त्याच फोटोखाली, सगळ्यांना दिसेल असं लिहा, काय होतं ते.