तांब्याएवढी टाकी

घाटाच्या पायथ्याशी एकाने बाबांच्या जुन्या मोटरसायकलकडे बघून विचारलं, “काका, ही टाकी की तांब्या?” त्याच्या जुन्या गाडीची टाकी चांगली घागरीएवढी.

शेवटच्या वळणावर आमची गाडी बंद पडलीच. बाबांनी शांतपणे ती डावीकडे कलती केली, झोपलेलं मूल कुशीवर वळवावं तशी. खोगिरासारख्या टाकीत उजवीकडे अडकलेलं पेट्रोल खळखळत नळीच्या बाजूला आलं आणि पहिल्याच किकला गाडी धडधडली! संपलो म्हणणाऱ्या माणसांतही पलीकडच्या बाजूला असं काही उरत असेल. कुणीतरी मायेने कलतं करायला हवं.

माथ्यावर तो घागरवाला पेट्रोल संपलेल्या गाडीपाशी उभाच होता. “पोचलात?” त्याने डोळे विस्फारले.

बाबांनी टाकी थोपटली. “तांब्यात अजून घोटभर आहे. देऊ?”