काचेच्या बशीतला मोकळा गोल

लातूरच्या त्या दवाखान्यात हुस्नाबाईला कोण ओळखत होतं? बरा झालेला पेशंट डॉक्टरच्या पाया पडायचा. ही बया मागच्या खोलीत काचेच्या बशा मांडून बसलेली. तोंडानं फटकळ, पण हात असा नेटका की बशीवर स्वतःचा श्वाससुद्धा पडू द्यायची नाही. जखमेतला पू बशीत पेरायचा, वर औषधं मुरवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या आणि कोणत्या टिकलीपाशी जंतू हटतात ते बघायचं, हे तिचं काम.

भूकंपाला तीन आठवडे झाले होते. वॉर्डातल्या पंचफुलाबाईच्या पायावर घराचं माळवद कोसळलेलं. भारीतली इंजेक्शनं चालू होती, तरी ताप हटेना, जखम सडतच चाललेली. डॉक्टर म्हणाले, "परवा सकाळपर्यंत लागू पडणारं औषध सापडलं तर ठीक, न्हाईतर पाय कापावा लागंल."

वॉर्डातून पुवाचा बोळा आला. दुसऱ्या दिवशी हुस्नानं बशी बघितली, तर कोरी करकरीत!

"एवढ्या सडल्या जखमेत जंतू न्हाईत? येड्यात काढून राहिलेत का मला?" तणतणतच ती वॉर्डात गेली.

पंचफुलाबाई ओशाळली. "बाई, तुमचं माणूस येणार म्हणून कळलं. असली घाण परक्याला कशी दाखवावी? डेटॉलनं चांगली पुसून घेतली."

हुस्नानं कपाळावर हात मारला. "अगं माझे आई! ती घाणच तर पाहिजे होती मला!" मग राग गिळून ती खाटेशी बसली. "मावशी, माझ्यापुढं लाजू नका. पाय जाऊन राहिला तुमचा." जखमेच्या पार खोलातून तिनं स्वतः पू घेतला.

तिसऱ्या दिवशी ऑपरेशनची तयारी चाललेली. बिस्मिल्ला म्हणत हुस्नानं बशी उजेडात धरली. सगळीकडे हिरवट साय. भारीतल्या औषधांच्या टिकल्यांना जंतू अगदी खेटून वाढलेले. पण कडेच्या एका टिकलीभोवती, जुन्यापान्या जेंटामायसिनच्या, स्वच्छ मोकळा गोल!

"सुभानल्ला!" शेकडो बशा बघितलेल्या बाईच्या अंगावर काटा आला. डोळ्यांना न दिसणारे जीव जित्या माणसाचा पाय खातात काय, आणि कागदाचा एवढासा ठिपका त्यांना म्हणतो काय, इथून पुढं यायचं न्हाई! बशी घेऊन ती धावतच सुटली. ऑपरेशन थांबलं, इंजेक्शन बदललं. त्यानंतर चौथ्या दिवशी ताप उतरला.

पुढं कित्येक वर्षांनी लातुरात गल्लोगल्ली डॉक्टर-इंजिनियर व्हायचे क्लासेस झाले. नात राजकन्या हिला क्लासला घालायला आलेली पंचफुलाबाई एक दिवस प्रयोगशाळेच्या दारात उभी. हुस्नानं आधी ओळखलंच नाही.

"बाई, ती बशी बघायची राहिली होती माझी."

त्या दिवशी दुसऱ्याच कुणाची तरी बशी होती, तसाच मोकळा गोल पडलेली. हुस्नानं तीच दाखवली. पंचफुलाबाई कितीतरी वेळ त्या गोलाकडं बघत राहिली, मग तिनं हात जोडले. "एवढ्याशानं?"

"हाव मावशी, एवढ्याशानं."

हुस्नानं बशी जागेवर ठेवली. तिनं मान फिरवली. उंबऱ्याबाहेर पंचफुलाबाईनं काढून ठेवलेल्या चपला होत्या. दोन्हींच्या टाचा सारख्याच झिजलेल्या.