शिंपीणबाईच्या दुकानासमोर

टपाल कचेरीच्या खिडकीवर बसून लोकांच्या सह्या पडताळण्यात तिचा जन्म गेला होता. कुणाच्या शब्दावर पटकन विश्वास ठेवणं तिला जमतच नसे. नवरा कुलपं दुरुस्त करायचा. हल्ली तो घरी उशिरा यायला लागला, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली.

"दुकान तर कधीच बंद झालेलं असतं."

"रस्त्यात कुणी ना कुणी भेटतं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

त्यात शेजारणीने तेल ओतलं. "भावजींना कपड्यांचा भारी शौक लागलाय वाटतं. शिंपीणबाईच्या दुकानासमोर रोज उभे असतात."

दुसऱ्या दिवशी ती कचेरीतून लवकर निघाली आणि त्याच्या मागावर राहिली. तो कुलूप लावून निघाला, औषधाच्या दुकानाशी थांबला, मग चपलांच्या. शिंपीणबाईच्या काचेसमोर आला तो हलेचना. आत शिंपीणबाई मान खाली घालून मशीन चालवत होती, तिचं लक्षही नव्हतं. काचेत मात्र त्याचा चेहरा दिसत होता, घामेजलेला आणि राखेसारखा. एक हात छातीवर होता. जरा वेळाने तो हात खाली घेऊन चालू लागला, जसं काही झालंच नाही.

तिला रागच आला. भानगड असती तर निदान भांडता आलं असतं.

ती त्याला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"छातीत कधी दुखतं?"

"जड पेटी उचलून धावपळ केली तरच."

"म्हणजे या दुखण्याच्या चार पायऱ्यांतली पहिली. फार श्रम केले तरच त्रास."

"खोटं बोलतायत," ती म्हणाली. "सपाट रस्त्यावर दोन दुकानं ओलांडली की थांबतात. मी पाहिलंय."

त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग ही तिसरी. चौथीत बसल्या जागी दुखतं. तिथवर थांबायचं नाही."

तपासणीत हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बुजलेली निघाली. ती मोकळी केली. दोन दिवसांनी तो खाटेवर उशीला टेकून बसला, तेव्हा तिने विचारलं, "का लपवलंस?"

"तू दुकान बंद करायला लावलं असतंस."

"असं कधी म्हटलं मी?"

"म्हणाली असतीस."

खरं तर ती म्हणालीच असती. मग तिने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"आता दुखत नाही ना?"

"नाही."

"नक्की?"