मोठ्या आजीचा रेडिओ मी पुसला

मोठी आजी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना वहिनी म्हणते. त्या चौलच्या घरी एकट्या राहतात. मुलगा, म्हणजे तुमचा काका, पुण्याला असतो, आणि मी दोन वाड्या पलीकडे. मागे फोनवर तुम्ही नातवंडांनी विचारलंत की मोबाइलवर सगळी स्टेशनं लागत असताना आम्ही दोघी ते जुने ट्रान्झिस्टर कशाला जपतो. मी "सवय" एवढंच म्हणाले. ते उत्तर अपुरं होतं. गणपतीनंतर जे झालं ते आता नीट लिहिते.

वहिनींचा रेडिओ तुमच्या काकाच्या जन्माआधीचा आहे. जाड पुस्तकाएवढा, कातडी खोळीतला, उजव्या अंगाला स्टेशन लावायची चक्री. चार मोठे सेल घातले की दोन-तीन महिने बघायला नको. वीज जाते, नेट जातं, त्याला काही फरक पडत नाही. मुंबई केंद्राचा आवाज पडला तर अख्खा रेडिओच जरासा वळवायचा. त्यांचा खिडकीत तिरका असतो, माझा फडताळावर आडवा.

वहिनींचा दिवस त्यावर चालतो. भक्तिगीतं लागली की आंघोळ, सकाळच्या बातम्यांच्या आधी साखरेच्या आजाराची गोळी, बातम्या संपल्या की न्याहारी. दुपारच्या बातम्यांना जेवण, शेतीचा कार्यक्रम सुरू झाला की दिवाबत्ती. काकाने त्यांना बोलणारं घड्याळ आणून दिलं होतं. "ती बाई इंग्रजीत आकडे ओरडते आणि सहा म्हणजे सकाळचे की संध्याकाळचे ते सांगत नाही," असं म्हणून त्यांनी ते पंच्यात गुंडाळून ठेवून दिलं.

भाद्रपद संपता संपता त्यांचा रेडिओ खरखरू लागला. सेलच्या जागेला गंज चढला असणार, म्हणून मी तो घरी आणला. लिंबाच्या फोडीने पट्ट्या घासल्या, कोरड्या केल्या, खोळीला मेण लावलं. चक्रीच्या कडेला आणि तिच्याशेजारी खोळीवर एकेक काळी, चिकट गाठ होती. जुना मळ समजून मी खोबरेल तेलाच्या बोळ्याने दोन्ही काढून टाकल्या. अर्धा तास गेला. रेडिओ नव्यासारखा दिसू लागला, आणि मला समाधान वाटलं.

परत नेऊन दिला तेव्हा वहिनींनी तो मांडीवर घेतला, चक्रीवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"अगदी लख्ख केलास."

"मळ किती होता, वहिनी!"

"असेल. तुझ्या हाताखाली मळाची काय बिशाद!"

मी हसले. चहा घेऊन घरी आले.

चार दिवसांनी, काळोख पडता पडता, वहिनींकडे मासळी घेऊन येणारी कोळीण माझ्या ओटीवर धापा टाकत आली. "बाय, चल लवकर. म्हातारी घामानं भिजलीय, धड बोलत न्हाय. मी साखरपानी पाजलंय."

आम्ही पोचलो तोवर वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. केस ओले, नेसूचं धुतलेलं, देवापुढे ताजी फुलं. खिडकीतल्या रेडिओवर कुठलं तरी हिंदी गाण्यांचं स्टेशन चालू होतं.

"तू एवढ्या सकाळी कशी?" त्यांनी मला विचारलं.

तेव्हा कुठे उलगडा झाला. दुपारी डोळा लागला, आभाळ भरलेलं, उठल्या तेव्हा पहाट झाली असं त्यांना वाटलं. आंघोळ केली, पूजा केली, सकाळची गोळी पुन्हा घेतली आणि बातम्यांची वाट बघत उपाशी बसल्या. बातम्या लागल्याच नाहीत. रेवदंड्याच्या डॉक्टरांनी साखर तपासली, रात्रभर दवाखान्यात ठेवून घेतलं. कोळीण मासळीची पाटी वहिनींच्या अंगणात विसरून आमच्याबरोबर दवाखान्यात आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींना घरी आणलं, दुपारी काका आला. "आई, आता बास. पुण्याला चल. हे घर बंद करू."

तो कपाटातल्या साड्या बॅगेत भरायला लागला. मी रेडिओ उचलला आणि "मुंबई लावा," म्हणत त्यांच्या हातात दिला.

"मला लागत नाही," त्या म्हणाल्या. "तू गाठी काढल्यास ना."

त्या दोन गाठी फणसाच्या चिकाच्या होत्या, वहिनींनी स्वतः लावलेल्या. चक्री उलटी, पार शेवटापर्यंत फिरवायची, मग सुलटी फिरवत चक्रीवरची गाठ खोळीवरच्या गाठीशी दुसऱ्यांदा आली की मुंबई. वर्षभर त्यांना स्टेशन दाखवणाऱ्या काट्याचं टोक दिसत नव्हतं. खरं तर माणसाच्या तोंडाचा नुसता आकार दिसत होता, तोही उजेडात. हे त्यांनी कुणालाच कळू दिलं नव्हतं. मी गाठी काढल्या तेव्हाही बोलल्या नाहीत, कारण गाठी कशाला हव्यात हे सांगावं लागलं असतं.

मी काकाला सांगितलं, "चूक माझी आहे. मी विचारलं नाही."

"काकू, प्रश्न रेडिओचा नाही. हिला दिसत नाही, आणि हिने मला फसवलं. फोनवर सगळं लागतं, मी घेऊन दिला होता."

"काढ तुझा फोन," वहिनी म्हणाल्या. "आता डोळे मीट आणि बातम्या लाव."

तो जरा चिडूनच डोळे मिटून बसला. गुळगुळीत काचेवर अंगठा इकडे तिकडे फिरला. थोड्या वेळाने फोनमधून एका बाईचा आवाज आला, "हॅलो, सर? बोला ना, सर." त्याच्या ऑफिसातली कुणीतरी होती. त्याने घाईघाईने फोन बंद केला. कोळीण दारात पाटी न्यायला आली होती, ती पदर तोंडाला लावून हसली. "साहेबाला पन न्हाय दिसत!"

मी मागच्या फणसाला चाकूची चीर दिली, चीक पानावर घेतला. काट्याकडे बघून मी मुंबई लावली आणि वहिनींच्या बोटाखाली दोन नव्या गाठी बसवल्या. चीक घट्ट व्हायला वेळ लागला. मग काकाने चक्री शेवटापर्यंत उलटी फिरवली, डोळे मिटले, अंगठ्याने चाचपत सुलटी फिरवली. पहिल्या खेपेला चुकला. दुसऱ्या खेपेला निवेदकाचा आवाज स्वच्छ आला.

"दिसत नाही हे सांगायचं होतंस, आई."

"सांगितलं असतं तर इथे राहू दिलं असतंस?"

त्याने रेडिओ मांडीवर घेतला. मग म्हणाला, गोळी रोज सकाळी काकूच्या हातूनच घ्यायची आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना सगळं खरं सांगायचं. वहिनी हो म्हणाल्या. मीही हो म्हटलं.

त्याने बॅग कपाटापाशी नेली आणि साड्या बाहेर काढल्या. पहिलीच साडी तो वरच्या कप्प्यात ठेवायला गेला आणि थांबला. "आई, ही कुठे असते?" त्याने विचारलं. वहिनींनी सांगितलं. त्याने ती तिथे ठेवली आणि दुसरी त्यांच्या हातात दिली. वहिनींनी तिचा काठ चाचपला, जागा सांगितली. बॅग रिकामी होईपर्यंत दोघांचं असंच चाललं होतं.