मीनल वास काढते

मीनल कारखानीस नॉटिंगहॅममध्ये लोकांच्या घरचं हीटिंग दुरुस्त करते. वडील डॉक्टर, थोरला भाऊ डॉक्टर. त्यामुळे कुणी चौकशी केली की आई "ती एनर्जी सेक्टरमध्ये आहे" एवढंच सांगून विषय बदलते. मीनलला त्याची गंमत वाटते. अकरा वर्षं बॉयलरपुढे गुडघे टेकून तिचं नाक इतकं तयार झालंय, की जळकी धूळ कुठली आणि मेलेला उंदीर कुठला, हे ती दारातूनच सांगते.

मागच्या ऑक्टोबरात तिला लंडनहून कस्तुरी नावाच्या एका अनोळखी मुलीचा फोन आला. कस्तुरी वीकेंडला आईवडिलांकडे नॉटिंगहॅमला आली होती. घर गारठलेलं म्हणून तिने हीटिंग लावलं, तर दहा मिनिटांत असा भपकारा सुटला की सगळ्या खिडक्या उघडाव्या लागल्या. आईबाबा म्हणत होते, काही नाही, जुनं घर आहे. पण तिने मीनलला जायला सांगितलंच.

दार कस्तुरीच्या वडिलांनी, उल्हासकाकांनी उघडलं. अंगात दोन स्वेटर, डोक्यावर माकडटोपी. मागे सुचेताकाकू शाल लपेटून उभ्या. काका म्हणाले, वास कार्पेटचा असणार. काकू म्हणाल्या, छे, बाहेरच्या गटाराचा. दोघांनी मिळून तिला चहा पाजून वाटेला लावायचा बेत केलेला दिसत होता. थंडीने कुडकुडणारी माणसं हीटिंग दुरुस्त करायला आलेल्या बाईला का टाळतात, हे काही मीनलच्या लक्षात येईना.

तिने आधी मशीन तपासलं. गॅस गळत नव्हता, धूर नीट बाहेर जात होता. घर सत्तरच्या दशकातलं, रेडिएटर नव्हतेच. गरम हवा जमिनीखालच्या पत्र्याच्या नळ्यांतून येऊन प्रत्येक खोलीतल्या जाळीतून वर यायची. मीनलने हीटिंग लावलं, सगळ्या जाळ्या बंद केल्या, आणि एकेक उघडून तिथे नाक लावत फिरू लागली. हॉल साफ. झोपायची खोली साफ. जेवणाच्या खोलीतली जाळी उघडली आणि तिचे डोळे चमकले.

"काका, हा वास मला माहीत आहे. माझी आजी मालवणची होती."

काका खिडकीबाहेर बघू लागले. मीनलने जाळी काढली, कॅमेऱ्याची वायर आत सोडली आणि लांब चिमट्याने दोन हात आतून एक प्लास्टिकची पिशवी ओढून काढली. सुके बोंबील.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वसंतात डॉक्टरांनी काकांचं मीठ बंद केलं होतं. कस्तुरीने घरातली सुकी मासळी, पापड, लोणची फेकून दिली आणि दोघांकडून शब्द घेतला. जूनमध्ये काकांनी गुपचूप पिशवी आणून या जाळीत लपवली. उन्हाळ्यात हीटिंग कोण लावतंय? पण एक दिवस बघतात तर पिशवी आत घसरलेली, हात पोचेना. कुणाला सांगायची सोय नव्हती. म्हणून थंडी पडली तरी काका स्वेटर चढवत राहिले.

बोलता बोलता काकांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि ते थबकले.

"यात मोजून वीस होते. हे तर सातच आहेत."

काकूंनी शाल नीट केली.

"तुमची चाहूल लागली म्हणून मी घाईत आत ढकलली," त्या म्हणाल्या. "मग मलाही निघेना."

काका बायकोकडे टकमक बघत राहिले. मीनलने हसू दाबायला चहाचा कप तोंडाला लावला.

कस्तुरीला तिने तिथूनच फोन केला. नळीत पडलेली खायची वस्तू काढली, आता हीटिंग बिनधास्त लावा. कुठली वस्तू, या प्रश्नावर मीनल म्हणाली, "ते आईबाबाच सांगेल तुम्हाला." आणि फोन ठेवला. तिचं मराठी असं मधूनच घसरतं.

पिशवी कचऱ्यात गेली. काकांचा चेहरा पार उतरला. तेव्हा काकू उठल्या, शिलाई मशीनच्या खणातून एक घट्ट बांधलेलं नवं पाकीट काढलं आणि तवा ठेवायला निघून गेल्या.

कस्तुरीला दिवाळीत सगळं कळलं. ती एक दिवस रुसली, मग रविवारी एकच बोंबील, या अटीवर तडजोड झाली. तो रविवार काका अजून शनिवारपासूनच धरतात.